दहा नंबरचा पाना

शाळा भरायच्या अर्धा तास आधी बऱ्हाटे नाना खाली मान घालून मैदानभर चालायचे. एका कडेनं सुरुवात करायची, दुसऱ्या कडेला पोचायचं, दोन पावलं सरकायचं आणि परत फिरायचं. मी देवपुरातल्या त्या शाळेत विज्ञान शिकवायला नवीनच लागले होते. पहिल्या दिवशी मला वाटलं, या माणसाचं काहीतरी हरवलंय. दुसऱ्या दिवशीही वाटलं. आठवड्यानं मी भिका शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला की हे असंच चालतं, पाऊस असला तरी छत्री घेऊन चालतं.

चालताना नाना वाकून काही ना काही उचलायचे. खिळे, काचेचे तुकडे, बाटल्यांची बुचं, सायकलचे छर्रे, आणि चक्क साधे खडेसुद्धा. पुढं ओळख झाल्यावर त्यांनी कारण सांगितलं. विमानतळावर, म्हणजे हवाई दलाच्या तळावर, रोज सकाळी माणसं एका रांगेत उभी राहून धावपट्टीवरचे खडे वेचत जातात. मोठा साहेब असला तरी त्यानं रांगेत यायचं. जेट विमानाचं इंजिन पुढ्यातलं सगळं आत ओढतं, आणि बोटाच्या पेराएवढा खडाही त्याला मोडायला पुरतो. मी हसून म्हटलं, ‘आपल्या मैदानावरून कोणतं विमान उडणार आहे, नाना?’ ते हसले नाहीत. सवय आहे, एवढंच म्हणाले.

नाना मूळचे जळगावजवळच्या असोद्याचे. तरुणपणी हवाई दलात गेले, वीसेक वर्षं इंजिनांची कामं केली आणि सार्जंट होऊन बाहेर पडले. ऐंशी सालच्या सुमारास आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. उंच, वाळलेला माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्याला कडक इस्त्री, आणि नखं अशी स्वच्छ की आम्हा बायकांना लाज वाटावी. शाळेत आमच्यासारखंच बोलायचे, फक्त मधूनमधून फौजेतली हिंदी डोकवायची. गावाकडची बोली त्यांच्या तोंडून मी पुढच्या दहा-बारा वर्षांत दोनदाच ऐकली. बायको लवकर गेली होती. एक मुलगी होती, जळगावला दिलेली. तिच्याबद्दल ते कधीच बोलायचे नाहीत. आम्हीही विचारत नव्हतो.

कोणी काहीही सांगितलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, ‘पाहिलं की ऐकलं?’ पांझरा नदीला पूर आलाय, पाहिलं की ऐकलं? हेडसरांची बदली होतेय, पाहिलं की ऐकलं? स्टाफरूममधल्या निम्म्या गप्पा या एका प्रश्नानं मरायच्या. त्यामुळे नाना आत आले की लोक पेपर उघडून बसत. खरं सांगायचं तर त्यांच्याजवळ बसून कुणाला फार बरं वाटत नसे. चेहऱ्यावर कायम एक मळभ असायचं, आणि का ते विचारायची सोय नव्हती.

प्रयोगशाळेत त्यांनी भिंतीवर एक मोठी फळी ठोकली होती. तिच्यावर प्रत्येक वस्तूची आकृती काळ्या रंगानं काढलेली. चिमट्याच्या जागी चिमट्याची, कात्रीच्या जागी कात्रीची. वस्तू टांगलेली असली की आकृती झाकते, नसली की काळी दिसते. तास संपला की फळी भरल्याशिवाय पोरांना सोडायचं नाही. पुढच्या तासाचे मास्तर दाराशी येऊन कुरकुरायचे. सगळं जागेवर आहे म्हणून भिका त्याच्या बोलीत विनवायचा, ‘नाना, बठ्ठं बराबर शे. सोडा ना पोरेस्ले.’ नाना फळीवरून डोळे न काढता मोजत राहायचे. आम्ही त्यांना मागं ‘फळीसाहेब’ म्हणायचो. मीही म्हणायचे. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

माझ्या मुलाच्या बारशाला सगळी शाळा घरी आली. नाना आले नाहीत. मी दोनदा जाऊन बोलावलं होतं, म्हणून मला ते लागलंच. दुसऱ्या दिवशी मी जरा तिरकसच विचारलं. ते म्हणाले, ‘मी बारशाला जात नाही, बाई.’ आजारपणात, मौतीला, साखरपुड्याला सगळीकडे जायचे. बारशाला नाही. म्हातारपणाचा विक्षिप्तपणा म्हणून मी सोडून दिलं.

एका सव्वीस जानेवारीला हेडसरांनी त्यांना भाषणाला उभं केलं. हवाई दलातला माणूस आहे, युद्धाच्या चार गोष्टी सांगेल, पोरांच्या अंगावर काटा येईल, असा हिशोब. नानांनी सुरुवातच अशी केली की विमान चालवणारा माणूस तुम्हाला सगळे दाखवतात, म्हणून मी आज त्याच्याबद्दल सांगणार नाही. मग ते तळाबद्दल बोलले, पाऊण तास. तळ म्हणजे एक गाव असतं. विमानांच्या तुकड्या, ज्यांना स्क्वॉड्रन म्हणतात, त्या भाडेकऱ्यासारख्या येतात आणि हुकूम आला की बिऱ्हाड हलवतात. तळ जागेवरच राहतो. आपल्या हद्दीतलं आभाळ राखायचं हे त्याचं काम. दोन विमानं कायम भरून उभी असतात, त्यांचे वैमानिक बूट न काढता बाजूच्या खोलीत पत्ते खेळत असतात, आणि भोंगा वाजला की पत्ते तसेच पडतात.

पण तो भोंगा वाजवायला कुणी तरी अंधाऱ्या खोलीत रडारच्या पडद्याकडे बघत बसलेलं असतं. पहाटे फुगा सोडून वारा मोजणारे असतात. जाड बूट चढवून दिवसभर नुसते बसून राहणारे आगीच्या बंबावरचे असतात, आणि ते नुसतेच बसून राहावेत म्हणून सगळे देवाला हात जोडतात. इंधनाचे टँकर चालवणारे, दारूगोळा चढवणारे, धावपट्टीवरचे पक्षी हाकलायला बंदूक घेऊन फिरणारे, लांबलचक टेबलावर पॅराशूटची घडी घालणारे. त्या घडीवाल्याला आपण घातलेली घडी उघडलेली आयुष्यात दिसत नाही, दिसू नये अशीच त्याची इच्छा असते. दवाखाना, मुदपाकखाना, पहाऱ्याची कुत्री. नानांनी कुत्र्यांचीसुद्धा नावं सांगितली. पोरं चुळबुळायला लागली. हेडसर घड्याळ बघत होते. शेवटी दहावीतल्या एका मुलीनं विचारलं, की सर, यात तुम्ही कुठं होता?

नाना म्हणाले, ‘विमानाचं काम झालं की एक कागद असतो. काम करणाऱ्यानं त्यावर सही केल्याशिवाय विमान हलत नाही. वैमानिक ती सही बघतो आणि चढतो. तो इंजिन उघडून बघत नाही. मी सही करणारा होतो.’ आणि ते खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणालाच कळलं नाही.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे होते, आणि आदल्या दिवशी तारेची जाडी मोजायचा एक स्क्रू गेज कमी निघाला. नाना दुपारी बोर्डाच्या कामाला गेले होते. ते आल्यावर शोधाशोध मांडणार, सगळी कपाटं उपसणार, हे मला दिसत होतं. मी सरळ आग्रा रोडवरच्या दुकानातून तसाच एक स्क्रू गेज आणला, त्यावर शाळेचा नंबर रंगवला आणि फळीवर टांगून दिला. नाना आले, तेव्हा मी म्हटलं, ‘सापडला, नाना. कपाटामागं पडला होता.’

त्यांनी तो हातात घेतला. उजेडाकडे नेला. मग तिथल्याच स्टुलावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बाई, हा नवा हाये.’

मी आधी हसण्यावारी नेलं. मग लक्षात आलं की त्यांच्या तोंडून ‘हाये’ आलं होतं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना पाणी दिलं. त्या दुपारी त्यांनी मला जे सांगितलं ते त्याआधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. निम्मं शाळेतल्या भाषेत सांगितलं, निम्मं असोद्याच्या.

तळाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. उत्तरेकडचा कुठला तरी. तिथल्या दुरुस्तीच्या शेडमध्येही अशीच फळी होती, काळ्या आकृत्यांची. संध्याकाळी काम संपलं की फळी भरलेली पाहिजे. एक जरी हत्यार कमी असलं तर ते सापडेपर्यंत त्या दिवशी हात लागलेलं एकही विमान उडवायचं नाही. सगळी पुन्हा उघडायची, कारण विसरलेलं हत्यार इंजिनात असू शकतं. त्या संध्याकाळी दहा नंबरच्या पान्याची आकृती काळी दिसत होती. पाळी नानांची होती. आणि नानांची रजा मंजूर झालेली होती. घरी मुलगी झाली होती, असोद्याला बारसं होतं, आणि गाडी दीड तासानं सुटणार होती.

अर्धा तास हाताखालच्या पोरांनी शेड, गवत, ट्रॉल्या सगळं धुंडाळलं. मग त्यातला एक जण सायकल काढून कुठं तरी गेला आणि थोड्या वेळानं पाना घेऊन आला. म्हणाला, ‘गवतात होता, सार्जंट.’ पाना चकचकत होता. त्यावरचा नंबर खिळ्यानं नुकताच कोरलेला, कडेला लोखंडाचा चुरा अजून चिकटलेला. बाजारातून आणलेला, हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्या पोरानं वाईट हेतूनं केलं नव्हतं. सार्जंटची गाडी चुकू नये म्हणून केलं होतं. नानांनी पाना फळीवर टांगला आणि कागदावर सही केली.

‘मले दिसत व्हतं, बाई,’ ते म्हणाले. ‘ऐकेल नही. मी डोयानं पाह्यलं व्हतं.’

बारसं झालं. मुलीचं नाव सुनंदा ठेवलं. नाना परत गेले तेव्हा शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं. त्या दिवशी हात लागलेल्या विमानांपैकी एक उडता उडताच कोसळलं होतं. त्यातच वैमानिक गेला, फ्लाइंग ऑफिसर दिघे, इंदूरचा मुलगा, लग्न व्हायचं होतं. आईकडून लाडवांचं पार्सल आलं की आधी शेडमध्ये आणून उघडायचा. चौकशी झाली. जळालेल्या इंजिनात पिसं सापडली, रक्त सापडलं. पक्षी आत गेला असा निकाल आला. पान्याबद्दल कुणी विचारलंच नाही, कारण फळी भरलेली होती आणि कागदावर सही होती.

मी विज्ञानाची बाई. मी वाद घातला. पिसं सापडली ना, नाना, मग पक्षीच होता. पाना सापडला असता तर गोष्ट वेगळी. ते म्हणाले की शेतभर विखुरलेल्या तुकड्यांत पाना कोण शोधत बसलं होतं? आणि पिसं होती म्हणून पाना नव्हता, असं कसं? मी वाद सोडला. कदाचित तो जुना पाना खरंच गवतात पडला असेल आणि आजही तिथंच गंजत असेल. कदाचित नसेल. हे कधीच कळणार नव्हतं, आणि ते न कळणं घेऊन हा माणूस इतकी वर्षं मैदानातले खडे वेचत होता.

त्यांना एकच हवं होतं. मरायच्या आधी त्या मुलाच्या आईबापांना सांगायचं. पार्सलच्या कापडावरचा पत्ता त्यांनी कापून ठेवला होता, पाकिटात घडी घालून. शाईचा रंग उडाला होता पण वाचता येत होतं. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवायचे आणि दर वर्षी राहायचं. मग मी त्यांच्या मागं लागले. तुम्ही खरं ते सांगून टाका, त्यांना शिव्या द्यायच्या तर देऊ देत, तुमचं ओझं उतरेल. मी तेव्हा पस्तिशीची होते, आणि खरं बोललं की माणूस मोकळा होतो असं मला मनापासून वाटायचं. दोन-तीन वर्षं मी टोचत राहिले. नाना शाळेतून निवृत्त झाले, त्या दिवाळीत ते इंदूरला निघाले. मीच त्यांना सकाळच्या इंदूरच्या बसमध्ये बसवून दिलं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. चहा झाल्यावर सांगितलं.

आई वारली होती. वडील एकटे, रेल्वेतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. मुलाच्या तळावरचा माणूस आलाय म्हटल्यावर त्यांनी नानांचे दोन्ही हात धरले आणि सोडेनात. इतक्या वर्षांत तळावरून आलेला हा पहिलाच माणूस. स्वतः पोहे केले. मुलाची खोली दाखवली, सायकल दाखवली. नाना सांगायची संधी शोधत होते. दुपारी दिघे त्यांना गच्चीवर घेऊन गेले. तिथं कठड्यावर ज्वारी पसरलेली, आणि चिमण्या, पारवे, साळुंक्या उतरलेल्या.

दिघे म्हणाले, की पहिली दोन वर्षं मला पाखरू दिसलं की दगड उचलावासा वाटायचा. मग ही म्हणाली, अहो, त्या पाखराचाही जीव गेलाच ना. तेव्हापासून रोज दाणे टाकतो. ‘एक सांगू, बऱ्हाटे? कुणा माणसाची चूक असती तर मी उरलेलं आयुष्य त्याला शोधत हिंडलो असतो. चूक कुणाचीच नव्हती, म्हणून आम्ही दोघं जगलो.’ आणि त्यांनी ज्वारीची एक मूठ नानांच्या हातात दिली.

‘मग?’ मी विचारलं.

‘टाकले दाणे,’ नाना म्हणाले. ‘आणि आलो.’

मला त्यांचा राग आला. एवढ्या लांब जाऊन, एवढ्या जवळ जाऊन! तो राग मी चेहऱ्यावर दिसू दिला, हे मला आज सलतं. नाना उठले, चप्पल घातली आणि गेले. थोड्याच दिवसांनी देवपुरातली खोली सोडून ते असोद्याला राहायला गेले.

वर्षभरानं शाळेच्या पत्त्यावर नानांच्या नावानं इंदूरचं पाकीट आलं. नाना अंथरुणाला खिळलेत हे कानावर होतंच. मी रविवारी जळगाव गाठलं आणि तिथून असोद्याची बस धरली. घरात सुनंदा होती, बापाचं करायला सासरहून येऊन राहिलेली. अंगानं नानांसारखीच उंच. तिनं मला आत नेलं आणि चहा टाकायला गेली. नाना खाटेवर नुसते हाडांचे उरले होते. मला म्हणाले, वाचा.

पत्र लहान होतं. दिघ्यांनी प्रकृतीची चौकशी केली होती. मग लिहिलं होतं, की तुम्ही गेल्यानंतर मी तुमच्या चेहऱ्याचा पुष्कळ विचार केला. तुम्ही काही सांगायला आला होता आणि न सांगता गेलात, असं मला वाटतं. तसं असेल तर लिहा. आता माझे फार दिवस उरले नाहीत, मी काहीही ऐकू शकतो.

इतकी वर्षं ज्या दारावर हा माणूस आतल्या आत डोकं आपटत होता, ते समोरून उघडलं होतं. मी पिशवीतून कागद आणि पेन काढलं, आणि मला आठवतं, मला आनंद झाला होता.

नाना छताकडे बघत म्हणाले, ‘लिव्हा. सांगाचं काही नव्हतं. पोराचं घर पाहाचं व्हतं, म्हनून आल्तो.’

‘नाना, हे खोटं आहे.’

‘हाये,’ ते म्हणाले. ‘तो म्हने ऐकू शकतो. ऐकल्यावर दाने कोनाले टाकीन तो? हे माह्यापाशीच राहू द्या, बाई.’

मी लिहिलं. जसं सांगितलं तसं लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. त्यांनी परत वाचून घेतलं आणि मान हलवली. चहा झाला. मी निघाले तशी सुनंदा दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशीच थांबली. पदराशी चाळा करत म्हणाली, ‘बाई, एक इचारू का? नाना तुमच्याशी बोलतात. माह्याशी कधी धड बोलले नही. लहानपनी मले कधी मांडीवर घेतलं नही. मी पोरगी झाली म्हनून का?’

माझ्या पिशवीत ते उत्तर होतं. ज्या बारशाची गाडी गाठायला ती सही झाली, ते बारसं जिचं, ती माझ्यासमोर उभी होती, आणि तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. जन्मभर सगळ्यांना खरं बोलायला सांगत आलेली मी तिला म्हणाले, ‘नाही गं. त्यांचा स्वभावच तसा आहे.’

‘आसन तसाच,’ ती म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं.

दार उघडंच होतं. तिच्या खांद्यावरून मला खाट दिसत होती. नानांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. ते मुलीच्या पाठीकडे बघत होते, ओठ थोडे हलले, काही तरी म्हणणार असं वाटलं. मी थांबले. मग त्यांनी हळूच कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.